प्रतीकं दिसत नाहीत? शंख तरी दिसतो ना?

‘मॅम, वर्गात सगळ्यांना कादंबरीत प्रतीकं दिसतात. मला नुसती गोष्ट दिसते. मला साहित्य कळतच नाही का?’

इंग्रजी साहित्य घेतलेली मुलं समुपदेशनाला आली की थोड्याफार फरकाने हेच विचारतात. परीक्षेपेक्षा लेखी प्रकल्पाच्या वेळी हा प्रश्न जास्त येतो, कारण परीक्षेत पाठांतरावर निभावून जातं. इथे दिलेली केस एस. वाय. बी. ए.च्या एका विद्यार्थिनीची आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, निबंधातल्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या बहुतेकांच्या असतात.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, वाचनाची आवड, म्हणून इंग्रजी स्पेशल घेतलेलं. नेमलेली कादंबरी विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (1954). विषय होता कादंबरीतली प्रतीकं आणि आशयसूत्र, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘सिम्बॉल आणि थीम’. मर्यादा 1500 शब्दांची, तीही इंग्रजीतून. हातात आठवडा उरला होता आणि मसुदा सहाशे शब्दांवर अडकला होता. दोनदा लिहून खोडून झालं होतं. सोबत आई आली होती. तिचा प्रश्न वेगळाच: ‘आत्ताच विषय बदलून सायकॉलॉजी घेऊन टाकावं का?’

कादंबरी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. युद्धाच्या काळात इंग्लंडच्या शाळकरी मुलांचं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं. मोठं माणूस एकही वाचत नाही. मुलं राल्फला नायक निवडतात. पिगी नावाचा जाडा, दमेकरी, चष्मेवाला मुलगा हा त्याचा सल्लागार. जॅक शिकारीची टोळी जमवतो आणि हळूहळू सगळ्यांना आपल्याकडे ओढतो. दोन मुलं मारली जातात. राल्फचाही नंबर लागणार, तेवढ्यात नौदलाचा अधिकारी किनाऱ्यावर उभा दिसतो.

आता त्या सहाशे शब्दांत काय होतं ते बघू. पहिलं अर्धं पान लेखकाचं चरित्र: जन्म 1911, नौदलातली नोकरी, 1983चं नोबेल. त्याखाली यादी. शंख म्हणजे लोकशाही, पिगीचा चष्मा म्हणजे विज्ञान, आग म्हणजे आशा, काठीवर खोचलेलं डुकरिणीचं मुंडकं म्हणजे माणसातला सैतान. शंखाच्या ओळीत आणखी एक भर होती, की शंख हे पावित्र्याचं प्रतीक आहे. आणि मग थेट ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा शेवट.

यातलं काहीच धडधडीत खोटं नाही, पावित्र्य सोडलं तर. मग निबंध पुढे का सरकेना? मुलीला वाटत होतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे. तसं नव्हतं. ‘शंख म्हणजे लोकशाही’ असं एकदा लिहिलं की त्याच्यापुढे दुसरं वाक्य सुचतच नाही. हे समीकरण आहे, ते सुटलेलंच आहे. चार समीकरणं चार परिच्छेदांत संपली आणि नऊशे शब्दांचा खड्डा तसाच राहिला. तो भरायला मुलं कथानक सांगत बसतात, आणि शिक्षक समासात लाल शाईने लिहितात: गोष्ट नको, विश्लेषण हवं.

ही सवय शाळेतून येते. ‘कवितेतून मिळणारा संदेश लिहा’ याचं उत्तर आधी ठरलेलं असतं आणि ते जुळलं तर गुण मिळतात. त्यामुळे कॉलेजातही मुलांना वाटतं की प्रतीकांची एक गुप्त उत्तरसूची सरांकडे आहे, हुशार मुलांना ती दिसते आणि आपल्याला नाही. भीती खरी असते, कारण चुकीचं. गाईड आणि इंटरनेट ही भीती वाढवतात, कारण तिथे खरोखरच सूची असते.

तिला वही मिटायला सांगून एकच विचारलं: पुस्तक बंद केल्यावर कोणता प्रसंग डोळ्यांपुढे राहिला? उत्तर लगेच आलं. ‘रात्री जॅकची पोरं येतात आणि पिगीचा चष्मा चोरून नेतात तो. पिगीला आधी वाटतं ते शंख न्यायला आलेत.’

‘मग शंख का नाही नेला?’

ती थांबली. ‘त्यांना त्याचा काही उपयोगच नव्हता.’

‘कधीपासून?’

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पण निबंधाचा विषय तिला इथे मिळाला होता, आणि तो तिने स्वतःच दिला होता. ज्या मुलीला ‘नुसती गोष्ट दिसते’, तिला दहाव्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट बरोबर दिसली होती: चोरांनी काय नेलं आणि काय मागे ठेवलं.

यानंतरचं काम सुताराच्या कामासारखं आहे, त्यात प्रतिभा लागत नाही. पुस्तक एकदा वाचून झालेलं असेल, तर दुसऱ्यांदा ते फक्त एका वस्तूसाठी चाळायचं. बाराही प्रकरणं, हातात पेन्सिल, शंख आला की खूण. एका दुपारचं काम आहे. मग आडव्या कागदावर चार रकाने: प्रकरण आणि पान, शंख कोणाच्या हातात आहे, त्या वेळी नेमकं काय घडतं, आधीपेक्षा काय बदललं. ‘अर्थ’ नावाचा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. तो ठेवला की मुलं पहिल्याच ओळीत ‘लोकशाही’ लिहितात आणि खाली सगळीकडे तेच करतात. नोंदी मराठीत केल्या तरी चालतात. मात्र नंतर निबंध लिहिताना त्यांचं भाषांतर करायचं नाही. नोंद बघून वाक्य सरळ इंग्रजीत मांडायचं, नाहीतर वाक्यरचना मराठी आणि शब्द इंग्रजी असं काहीतरी विचित्र तयार होतं.

तिच्या कागदावर काय आलं ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मजा त्यातच आहे.

पहिल्या प्रकरणात शंख राल्फ आणि पिगीला पाण्यात सापडतो. तो काय आहे आणि कसा वाजवायचा हे पिगीला ठाऊक, पण दम्यामुळे त्याला फुंकता येत नाही, फुंकतो राल्फ. आवाजाने मुलं गोळा होतात आणि नायक निवडताना मतं राल्फकडे जातात, त्याला मोठं कारण त्याच्या मांडीवरचा तो शंख. दुसऱ्या प्रकरणात नियम ठरतो, की ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं. नियम हवेतच, आपण काही रानटी नाही, हे सगळ्यात जोरात कोण म्हणतं? जॅक. आणि त्याच प्रकरणात डोंगरावर पिगी शंख हातात धरून बोलू लागतो, तेव्हा इथे शंख चालत नाही, गप्प बस, असं म्हणणाराही जॅकच.

पाचव्या प्रकरणात उन्हावाऱ्याने शंखाचा गुलाबी-पिवळा रंग उडून तो जवळजवळ पांढरा पडलाय. सभा उधळून मुलं अंधारात पळतात, पिगी सांगतो, शंख वाजव. राल्फ वाजवत नाही. वाजवला आणि ती परत आली नाहीत, तर सगळंच संपलं, असं त्याचं म्हणणं. आठव्या प्रकरणात शंख फुंकतो तो चक्क जॅक, तेही धड जमत नाही. राल्फला काढा म्हणून तो मत मागतो, एकही हात वर होत नाही, तो रडत निघून जातो. नवव्यात तो म्हणतो, बेटाच्या या टोकाला शंखाला किंमत नाही. दहाव्यात ती चोरी. अकराव्यात जॅकच्या टोळीतला रॉजर वरून शिळा ढकलतो, पिगी मरतो आणि त्याच क्षणी त्याच्या हातातल्या शंखाचे तुकडे तुकडे होतात.

कागद भरल्यावर तिचा पहिला शेरा होता, ‘म्हणजे शंखाला तोंडावर नाही म्हणायला जॅकने दुसऱ्याच प्रकरणात सुरुवात केली होती!’ हे वाक्य कुठल्याही गाईडमधून उचललेलं नव्हतं.

आता थीम. मुलं थीम एका शब्दात सांगतात: हिंसा, सत्ता, निरागसतेचा अंत. हे विषय झाले. थीम म्हणजे पूर्ण वाक्य, आणि ते असं असायला हवं की एखाद्याला ‘मला नाही पटत’ म्हणता यावं. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘शंख हे लोकशाहीचं प्रतीक आहे.’ यावर कोण कशाला भांडेल? दुसरं वाक्य, ‘शंख फुटल्यावर बेटावरची लोकशाही संपते.’ याच्याशी भांडता येतं, पण तिचाच कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देत होता. पाचव्या प्रकरणात राल्फ शंख वाजवायला घाबरतो, म्हणजे फुटायच्या सहा प्रकरणं आधीच काहीतरी संपलेलं आहे. तिसऱ्यांदा तिने लिहिलं: ‘शंखाची सत्ता शंखात नव्हती, ती मुलांच्या मानण्यात होती. म्हणून ती शंख फुटण्याच्या बरंच आधी संपते. फुटणं ही फक्त त्याची नोंद.’ हे वाक्य निबंधाच्या प्रस्तावनेत शेवटी ठेवायचं. पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच्यासाठी काम करतो की नाही, एवढंच मग तपासायचं.

पावित्र्याचं काय झालं? आपल्याकडे शंख देवघरात असतो, आरतीआधी वाजतो, कुरुक्षेत्रावरही वाजतो, त्यामुळे हा विचार येणं साहजिकच. पण गोल्डिंगच्या बेटावर त्याला पुरावा नाही, आणि पुस्तकाबाहेरचा अर्थ पुस्तकात आणून ठेवला की परीक्षक पहिली फुली तिथेच मारतो. तरी तो विचार पूर्ण टाकून देण्यासारखाही नव्हता. शंखाचा आवाज माणसांना एका जागी बोलावतो, एवढा भाग कादंबरीतही आहे. तेवढा ठेवला, बाकीचा गाळला.

रंगाबाबतही असाच घोळ होता. ‘लोकशाही फिकी पडतेय हे दाखवायला लेखकाने शंखाचा रंग फिका केला,’ असं तिने लिहिलं. लेखकाच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नाही, आणि पुस्तकात रंग उडायचं साधं कारण दिलेलं आहे, ऊन आणि हवा. प्रतीक आधी खरी वस्तू असते, म्हणून तर ते पटतं. मग लिहायचं कसं? पानावर जे शेजारी शेजारी ठेवलंय ते शेजारी आहे एवढं दाखवायचं. शंख पांढरा पडलाय. तरी तो हातात घेताना राल्फला त्याच्याबद्दल माया आणि आदर वाटतो. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे तो वाजवण्याचं धाडस त्याला होत नाही. आदर वाढतोय आणि भरवसा कमी होतोय, हे दोन्ही एकाच वेळी. हा परिच्छेद तिच्या निबंधातला सगळ्यात चांगला ठरला.

परिच्छेदाचा हिशेबही स्पष्ट असलेला बरा. 1500 शब्दांत प्रस्तावना दीडशे, मधले चार परिच्छेद प्रत्येकी पावणेतीनशे, शेवट दीडशे. झाले चौदाशे, उरलेले शंभर इकडेतिकडे होतातच. प्रत्येक परिच्छेदात पहिल्या वाक्यात दावा, मग कादंबरीतले पाच ते पंधरा शब्द अवतरणात, आणि त्यानंतर निदान तीन वाक्यं त्या शब्दांबद्दल: कोण बोलतं, कोणाला उद्देशून, हाच शब्द इथे का, याआधी काय वेगळं होतं. मुलं उलट करतात. चार ओळींचं अवतरण आणि खाली ‘यावरून हे स्पष्ट होतं’. काहीच स्पष्ट होत नाही.

खरा वेळ गेला तो चौथ्या परिच्छेदावर. चांगल्या निबंधात स्वतःच्या दाव्याला अडचणीत आणणारा एक पुरावा घ्यावा लागतो, आणि मुलं तो लपवतात. इथे तो अकराव्या प्रकरणातच पडलेला होता. शंख फुटल्यावर जॅक पुढे धावतो आणि शंख गेला, असं ओरडतो. शंखाची सत्ता केव्हाच संपली असेल, तर ओरडून सांगायची गरज काय? तिला वाटलं आता सगळं कोसळलं, दावा बदलावा लागणार. दावा बदलायचा नसतो, त्याला धार लावायची असते. तिने लिहिलं, की जॅकने शंख मानणं सोडलं होतं, पण त्याची भीती सोडली नव्हती. ज्याला किंमत नाही त्याच्या नाशाचा कोणी जल्लोष करत नाही. सत्ता गेली तरी तिची आठवण उरते, आणि जॅकला संपवायची होती ती आठवण. हे सगळ्यांना पटेलच असं नाही. पटायलाच हवं असंही नाही.

बाकीच्या प्रतीकांवरून थोडी ओढाताण झाली. चारही घ्यायची तिची इच्छा होती. 1500 शब्दांत दोन मावतात, तिसरं घुसवलं की पुन्हा यादी. चष्मा ठेवला, कारण तो शंखाच्या समोर उभा राहतो: एकाला सगळ्यांनी मानावं लागतं, दुसरा हिसकावून घेतला तरी काम करतो, आग पेटवतो. इथे एक गंमत सांगायला हरकत नाही. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्गोल, आणि अंतर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकवटत नाहीत. त्या चष्म्याने आग पेटणं शक्यच नाही. विज्ञान शाखेतून आलेल्या मुलांना हे सापडलं की ती त्यावरच पान भरतात. एका वाक्याच्या वर देऊ नये. प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही.

आगीला चष्म्याच्याच परिच्छेदात दोन वाक्यं दिली, तीही ‘आग म्हणजे आशा’ का चालत नाही हे दाखवायला. सुटकेसाठी पेटवलेली पहिली आग हाताबाहेर जाते आणि तोंडावर जन्मखूण असलेला एक छोटा मुलगा त्यानंतर कोणालाच दिसत नाही. शेवटी जहाज येतं ते राल्फला मारायला लावलेल्या वणव्याचा धूर बघून. डुकरिणीचं मुंडकं गाळताना मात्र ती कासावीस झाली. ‘मॅम, कादंबरीचं नावच त्याच्यावरून आहे, गुण जातील.’ प्रस्तावनेत एका वाक्यात उल्लेख केला आणि हा निबंध शंख-चष्म्यापुरता आहे असं सांगून टाकलं. मर्यादा स्वतः आखून दिली की परीक्षक तिच्या आतच मोजतो.

चरित्राचं अर्धं पान गेलं. त्यातला नोबेलचा उल्लेख शंखाबद्दल काहीही सांगत नव्हता.

काही बारीक गोष्टी, ज्यात हमखास घसरायला होतं. कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात लिहायच्या; ‘राल्फ शंख फुंकतो’, ‘फुंकला’ नाही. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून एकच प्रत धरायची आणि प्रकरणही नोंदवायचं. चित्रपट बघून लिहू नये: 1990च्या चित्रपटात ही मुलं अमेरिकी लष्करी शाळेतली आहेत, आणि तसं निबंधात लिहिलं की पुस्तक न वाचल्याची कबुलीच होते. चॅटबॉटला विचारून घेतलेली अवतरणं पुस्तकात असतीलच याची खात्री नाही. प्रत्येक ओळ छापील प्रतीत बोटाने शोधून काढायची. सापडली नाही तर ती जाते, कितीही देखणी असो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विषय बदलायचा निर्णय सबमिशनच्या आठवड्यात घेऊ नये, हे एक. दुसरं, आवड संपल्याची लक्षणं वेगळी असतात. पुस्तक उघडवतच नाही, वाचलेलं काही आठवत नाही, झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं आहे, असं असेल तर निबंध बाजूला ठेवून वेगळं बोलावं लागतं. या मुलीला एक रात्रीचा प्रसंग बारकाव्यांसह आठवत होता, आणि त्याबद्दल बोलताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. आईला एक काम दिलं: तयार निबंध मुलीने तिला मराठीत तोंडी सांगायचा, आणि आईने कादंबरी वाचलेली नसताना जिथे ‘म्हणजे काय गं?’ असं विचारलं जाईल, तिथे खूण करायची. तीन खुणा झाल्या. तिन्ही ठिकाणी एक पायरी गाळलेली होती: शंख, मग एकदम ‘समाज’. मधलं वाक्य घालावं लागलं.

सादरीकरणाच्या वेळी सरांनी विचारलं, मुंडक्यावर का नाही लिहिलंस? तिने सांगितलं, सर, ते घेतलं असतं तर जॅक का ओरडतो त्याला जागा उरली नसती. सरांचा पुढचा प्रश्न अर्थातच तोच होता, की का ओरडतो?